वॉर्डातल्या मुलांमधल्या फुप्फुसाच्या टीबीवर प्रबंध करायचा आहे. मुलं बेडका देत नाहीत, मग निदान कशावर धरायचं?

बालरोगाच्या एमडीच्या प्रबंधासाठी विचारताय, म्हणून थेट कामाचं सांगतो. पहिलं मूल नोंदवण्याआधी 'टीबी कोणाला म्हणायचं' हे लिहून काढा आणि नंतर ते बदलू नका. मुलांच्या फुप्फुसात जंतू मोजकेच असतात. काचपट्टीवर ते दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. त्यामुळे 'रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही' असं धरलंत, की खरी आजारी मुलं चुकीच्या रकान्यात जातात आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

२०१५ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या वापरा. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) किंवा सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी मशीनवरची तपासणी) यांत जंतू सापडला तर खात्रीचा टीबी. सापडला नाही, पण लक्षणं, एक्स-रे, संसर्गाचा पुरावा आणि औषधांनी आलेला उतार या चारपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या, तर खात्री न झालेला टीबी. बाकीच्यांत टीबीची शक्यता कमी. इथे एक चूक हमखास होते: घरात टीबीचा रुग्ण असणं आणि मांटू (टीबीचा संसर्ग झालाय का हे पाहणारी त्वचेतल्या इंजेक्शनची चाचणी) पॉझिटिव्ह येणं हे दोन मुद्दे म्हणून मोजले जातात. व्याख्येत ते दोन्ही मिळून एकच आहेत.

मुलं निवडताना 'दोन आठवड्यांवर खोकला' ही एकच चाळणी लावू नका. ती ओपीडीत ठीक आहे. दाखल होणाऱ्या मुलांत टीबी कित्येकदा साध्या तीव्र न्यूमोनियासारखाच येतो: चार दिवसांचा ताप, धाप, ऑक्सिजनची गरज. अँटिबायोटिकने न उतरलेला न्यूमोनिया, तीव्र कुपोषण, एचआयव्ही आणि घरात टीबीचा रुग्ण असलेली मुलं खोकल्याचे दिवस न मोजता घ्या. निकषात बसूनही न घेतलेल्या प्रत्येक मुलाचं कारण वहीत लिहा. परीक्षक हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं.

आता नमुना. पोटातला द्राव पहाटे, किमान ४ तास उपाशी असताना, मूल उठून चालायला लागण्याआधी घ्यायचा. रात्रभर गिळलेला बेडका पोटात असतो. मूल उठलं की तो पुढे आतड्यात सरकतो. म्हणून सकाळी साडेआठच्या राउंडनंतर काढलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो. आदल्या रात्रीच आईला आणि रात्रपाळीच्या सिस्टरना सांगून ठेवा, नाहीतर पाच वाजता दूध पाजलेलं असतं. नळी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. नळी पोटातच आहे याची खात्री झाली की पाणी न घालता आधी नुसतं ओढा. ५ मिलिलिटरसुद्धा आलं नाही, तरच थोडं निर्जंतुक सलाईन घालून परत ओढा. आम्लात जंतू मरतात, त्यामुळे नमुना लॅबला पोचायला ४ तासांहून जास्त लागणार असतील तर नमुन्याइतकंच सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण मिसळा. लागोपाठ दोन दिवस नमुने घ्या. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्तस्राव होत असेल, तर नळी घालू नका.

धाप फार असेल तर शौचाचा नमुना हा मोठा आधार आहे. सीबीनॅटच्या ८ मिलिलिटर द्रावणात ०.८ ग्रॅम शौच घालून हलवायचं, १० मिनिटं ठेवायचं, परत हलवायचं, आणखी १० मिनिटं ठेवायचं, आणि वरचं २ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये घालायच्या डबीत) भरायचं. शौच जास्त घातलं की गाळ वर येतो आणि मशीन एरर देतं. ही तपासणीच पारखणार असाल, तर तिचा निकाल टीबीच्या व्याख्येत धरू नका; तपासणी स्वतःलाच खरी ठरवू लागते.

आयसीयूतल्या मुलांबाबत एक गोष्ट फार कमी जण नोंदवतात. लेवोफ्लॉक्सासिन, अमिकासिन, लिनेझोलिड ही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूवरही चालतात. ती सुरू होण्याआधी नमुना घ्या. जमलं नाही तर पहिल्या डोसची तारीख आणि वेळ लिहा.

मांटूत लाली मोजायची नाही, घट्टपणा मोजायचा. हाताला आडवा, ४८ ते ७२ तासांत, मिलिमीटरमध्ये. तीव्र कुपोषण, गोवर किंवा स्टिरॉइड चालू असताना ती निगेटिव्ह आली तरी काही सिद्ध होत नाही. एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन्ही काढा, आणि रुग्णाची माहिती न देता दोघांकडून स्वतंत्र वाचून घ्या.

संख्या: खात्रीचं निदान ३० टक्क्यांत होईल असं धरलं आणि १० टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर ८४ मुलं लागतात, ५ टक्क्यांसाठी ३३६. दोन वर्षांच्या प्रबंधात दुसरा आकडा लिहून अडकू नका.

दोन महिन्यांनी सगळ्यांना परत बोलवा, टीबीची औषधं न दिलेल्यांनासुद्धा. औषधांविना वजन वाढलेलं मूल हाच 'टीबी नव्हता' याचा तुमच्याकडचा सगळ्यांत भक्कम पुरावा. त्यासाठी दाखल असतानाच घरातल्या दोघांचे फोन नंबर घ्या. संमती पालकांची, ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी. आणि टीबी निघालेल्या प्रत्येक मुलाची निक्षयवर (टीबीच्या रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) नोंद त्याच आठवड्यात करा, पण निक्षयचा क्रमांक तुमच्या एक्सेलच्या शीटमध्ये ठेवू नका. तो वेगळ्या, कुलूपबंद वहीत ठेवा.