चियांग मायच्या बाल्कनीतलं झाड

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. डीटीव्ही, म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ काढून दोघं थायलंडमधल्या चियांग मायला येताय, बायकोची पाठ आणि झोप दोन्ही बिघडलेली आहे, तर भाड्याच्या घरात गांजाची दोन-चार झाडं लावलेली चालतील का? इथल्या हवेत ती आपोआप फोफावतात हे खरं का? आणि दिवाळीला घरी येताना थोडं सोबत आणलं तर?

तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, म्हणून तोच आधी घेतो. नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकच्या विमानातून आलेल्यांच्या बॅगांत गांजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचत असालच. इथे तो कुठे, कसा, कोणत्या पावतीवर घेतला याच्याशी आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याला काही देणंघेणं नाही. 1985 चा तो कायदा एक किलोपर्यंतच्या गांजाला ‘अल्प प्रमाण’ म्हणतो. हे ऐकून हायसं वाटून घेऊ नका, अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. वीस किलोच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. शिवाय स्वस्त तिकिटाच्या नादात तुम्ही सिंगापूरमार्गे येणार असाल, तर तिथे पाचशे ग्रॅमच्या वरच्या गांजाच्या तस्करीला फाशी आहे. विमानात बसण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, एवढंच सांगतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या जुन्या जॅकेटच्या खिशात चुरा राहिला होता. निघण्याच्या आदल्या रात्री बायकोला सापडला म्हणून निभावलं.

आता कायदा. मी इथे 2016 पासून आहे, म्हणजे हे सगळं नाटक पहिल्या रांगेतून बघितलंय. 9 जून 2022 ला थायलंडने गांजाचं झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन चार्नवीराकुल यांनी दहा लाख रोपं फुकट वाटायची घोषणा केली होती. ‘प्लूक कांचा’ नावाचं सरकारी ॲप आलं. प्लूक म्हणजे लावणे, आणि कांचा म्हणजे आपलाच गांजा. संस्कृतातून गेलेला शब्द आहे तो, इथे येऊन जरा मऊ झाला. त्या ॲपवर नोंदणी केली की घरी झाड लावायला मोकळीक. एका महिन्यात आमच्या सोईत, म्हणजे गल्लीत, तीन दुकानं उघडली. त्यातल्या एकात आधी धुलाईचं दुकान होतं, मला माझे शर्ट दुसरीकडे न्यावे लागले.

पण यादीतून काढलं म्हणजे सगळं मोकळं झालं असा जो अर्थ बाहेरून आलेल्यांनी काढला, तो त्या दिवशीही चूक होता. टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं प्रमाण वजनाच्या 0.2 टक्क्यांपेक्षा जास्त असलेला अर्क तेव्हाही पाचव्या वर्गाचा अमली पदार्थ होता आणि आजही आहे. म्हणजे झाड ठीक, पण त्याची फुलं शिजवून घरी तेल काढलंत तर तुम्ही थेट अमली पदार्थांच्या कायद्यात शिरलात. पाठीला चोळायला तेल काढू असं तुमच्या पत्रात आहे, म्हणून हे ठळक करून सांगतोय. सार्वजनिक ठिकाणी धूर किंवा वास झाला आणि कुणी तक्रार केली तर पंचवीस हजार बाटपर्यंत (बाट म्हणजे इथलं चलन) दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलाला ‘नियंत्रित वनौषधी’ म्हणून जाहीर केलं. 2024 मध्ये दुसऱ्या सरकारने वर्षअखेर सगळं परत यादीत घालू म्हणून सांगितलं, मग माघार घेतली. आणि जून 2025 च्या शेवटी नवा आदेश निघाला: फूल विकायचं तर गिऱ्हाइकाकडे डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि एका वेळी तीस दिवसांच्या वापरापुरतंच. विनापरवाना विक्रीला एक वर्षापर्यंत कैद आणि वीस हजार बाटपर्यंत दंड. त्याच सालच्या सप्टेंबरात तेच अनुतिन पंतप्रधान झाले. तीन वर्षांत झोका एवढ्या वेळा इकडून तिकडे गेला. बी पेरल्यापासून फूल वाळून हातात यायला चार ते सहा महिने लागतात. तुम्ही पेराल एका नियमात आणि कापाल दुसऱ्या.

आणखी एक गाठ आहे. चिठ्ठीवर मिळणारं फूल प्रमाणित शेतातून आलेलं असतं, त्याची कागदपत्रं दुकानाकडे असतात. तुमच्या कुंडीतल्या फुलाला असं काहीच नसतं. उद्या कुणी दारात येऊन विचारलं की हे चिठ्ठीशिवाय विकत घेतलेलं की घरचं, तर ते सिद्ध करत बसायचं तुम्ही, तेही थाई भाषेत. थाई माणसाला अशा वेळी समज मिळते, फार तर दंड. परदेशी माणसाच्या बाबतीत सगळी गोष्ट व्हिसाच्या शिक्क्यापाशी येते. डीटीव्ही पाच वर्षांचा असला तरी एका प्रवेशावर 180 दिवसच राहता येतं, मग मुदत वाढवा किंवा देशाबाहेर जाऊन परत या. प्रत्येक प्रवेशाला समोर एक अधिकारी बसलेला असतो, आणि नाही म्हणायला त्याला फार कारण लागत नाही. इथल्या जुन्या परदेशी लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. गोऱ्या लोकांच्या व्हिडिओतल्या बागा बघून तुम्ही हुरळलात तसे नवीन आलेले सगळेच हुरळतात.

विकायचा विचार तर मनातही आणू नका. 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्यात परदेशी माणसाला पूर्ण बंद असलेल्या धंद्यांची एक यादी आहे. तिच्यात भातशेती, मळे आणि बागायत आहे, थाई वनौषधींचा अर्क काढणंही आहे. शेजाऱ्याला डबीभर देऊन त्याने बदल्यात दोनशे बाट हातावर ठेवले, तरी ती विक्रीच.

दुसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. 2022 च्या पावसाळ्यात आमच्या घरमालकीणबाईंनी, आम्ही त्यांना पी म्हणजे ताई म्हणतो, स्वतःच्या नावाने ॲपवर नोंदणी करून अंगणात चार झाडं लावली. नाव त्यांचं, जमीन त्यांची, मी फक्त पाणी घालणारा गडी. त्यात मला माझ्या शेतकरी आजोबांचा नातू असल्याचा तोरा. बियाणं कुणीतरी हॉलंडच्या जातीचं आणून दिलं होतं. जेमतेम गुडघ्याएवढी झाली आणि झाडं फुलावर आली.

कारण नंतर कळलं. हे झाड दिवस लहान झाला की फुलतं, नेमकं सांगायचं तर रात्र लांबली की. ॲम्स्टरडॅमला जूनमध्ये जवळपास सतरा तासांचा दिवस असतो. तिथली जात उन्हाळाभर नुसती वाढते आणि दिवस आखडायला लागले की मग फुलते. चियांग माय आणि पुणे साधारण एकाच अक्षांशावर आहेत. इथला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा. त्या परदेशी जातीला भर जूनमध्येसुद्धा वाटतं, हिवाळा आला, आता फुलून घ्यावं. म्हणून इथले लोक रोपं लहान असताना संध्याकाळी काही तास दिवे लावून दिवस ताणतात. विषुववृत्ताजवळ जन्मलेल्या जातींना ही अडचण नसते. इशान, म्हणजे ईशान्य थायलंडातली ‘हांग क्रारोक’, म्हणजे खारीची शेपटी, ही थाई जात बारा तासांच्या दिवसातही आरामात वाढते. पण ती आधी माणसाच्या डोक्यावर जाते आणि मग फुलायला तीन महिने घेते. बाल्कनीत ती कुठे ठेवणार? समोरच्या इमारतीतून दिसते.

मग पाऊस. मे ते ऑक्टोबर इथे हवा ओल्या टॉवेलसारखी असते. गांजाचं फूल घट्ट, आतून दमट. बाहेरून सुरेख दिसत असतं आणि बोटाने उघडलं की आत राखाडी बुरशी. आमच्या चारपैकी एक नर निघालं, ते उपटलं. उपटायला उशीर झाल्यामुळे उरलेल्यांत बी भरलं. दोन बुरशीने गेली. शेवटचं कापून, सावलीत टांगून वाळवायला ठेवलं. ऑक्टोबरच्या हवेत ते दहा दिवसांनीही दमटच, आणि अकराव्या दिवशी त्याच्यावर पांढरी लव. पी म्हणाल्या, “मै पेन राय,” म्हणजे जाऊ दे, आणि सगळं आळ्यातल्या केळीच्या बुडाशी टाकलं. केळी मात्र त्या वर्षी झकास आली.

पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा, गार काळ धरला तर बाहेरचं पीक बरं येतं. पण तो संपतो न संपतो तोच इथला जाळण्याचा मोसम सुरू होतो. फेब्रुवारी ते एप्रिल डोंगर आणि शेतं जळत असतात, धुराने समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो, आणि त्या कोरड्या उष्णतेत पानांवर लाल कोळी ही कीड पडते. तुमच्या बायकोच्या तब्येतीच्या दृष्टीने सांगतो, गांजापेक्षा या तीन महिन्यांची काळजी जास्त करा. घर बघताना हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची सोय आधी बघा.

घरात तंबू लावून, दिवे आणि एसी लावून करता येतं, नाही असं नाही. तीनशे वॅटचा दिवा रोज बारा तास म्हणजे महिन्याला जवळपास 108 युनिट. युनिट साधारण चार बाटला पडतं, म्हणजे नुसत्या दिव्याचे सव्वाचारशे. तो दिवा खोली तापवतो, म्हणून एसी, आणि ओलावा काढायला आणखी एक यंत्र. वीजबिल घरमालकाकडून येणार असेल तर दुसऱ्याच महिन्यात ते विचारणार, एवढी वीज कशाला लागते.

याच कारणाने घराचा मुद्दा कायद्याइतकाच मोठा आहे. कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत राहणार असाल तर तिथली व्यवस्थापन कचेरी, तिला इथे सगळे ‘निती’ म्हणतात आणि हो, तोही आपलाच शब्द आहे, तिचे स्वतःचे नियम असतात. भाडेकरारात गांजावर बंदीचं कलम घालणं आता सर्रास झालंय. करार थाई आणि इंग्रजी दोन्हीत असला तर थाई मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या. दोन महिन्यांची अनामत अशाच कलमांवर अडकते. फुलावर आलेल्या झाडाचा वास दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत जातो, तो लपत नाही. तक्रार शेजारी करत नाहीत, ते हसून वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार करतात आणि निघून जातात. तक्रार नितीकडे पोहोचते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुम्हाला गांजा हवाय की बायकोला झोप? झोप हवी असेल तर झाडाची गरजच नाही. इथे रीतसर चिठ्ठी परदेशी रुग्णालाही मिळते. एमबीबीएससारख्या डॉक्टरांबरोबर परवानाधारक थाई वैद्य आणि चिनी वैद्यकाचे चिकित्सकही ती देऊ शकतात. माझं मत विचाराल तर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरकडे आधी जा, पाठीचे जुने रिपोर्ट घेऊन. दुकानातच टेबल टाकून बसलेल्या चिकित्सकाकडे नको. मी एकदा कुतूहलाने एका दुकानात गेलो होतो. तिथल्या चिकित्सकाने नाव विचारलं, वय विचारलं, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मला काय होतंय हे विचारायचं राहून गेलं. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, गांजाबरोबर घेतल्या तर त्रास होऊ शकतो. मुलाचा विचार चालू असेल तर विषयच बंद, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे विकायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. चिठ्ठी आणि पावती दोन्ही घरात ठेवा. स्कूटर चालवायची असेल त्या दिवशी घेऊ नका.

आणि सगळ्यात आधी पारंपरिक थाई मसाज करून बघा. आमच्याकडे तासाला तीनशे बाटच्या आसपास पडतो. माझी स्वतःची पाठ गांजाने नाही, आठवड्यातून एकदा त्या अंध मावशींच्या कोपराने सरळ केली.

बाल्कनीत काहीतरी लावायची हौस असेल तर पहिले सहा महिने गवती चहा, क्रफाओ नावाची इथली उग्र तुळस आणि मिरची लावा. कढीपत्त्याचं रोप भारतातून आणू नका, विमानतळावर रोपं अडवतात. माझ्याकडच्या झाडाच्या बुडाला पिल्लं फुटलीत, एक तुमच्यासाठी कुंडीत वेगळं काढून ठेवतो. घर ठरलं की कळवा, पण करारावर सही करण्याआधी त्याचा फोटो पाठवा. थाई मजकूर पींकडून वाचून घेईन.