गेमबॉयच्या पडद्यावर काळा पट्टा? आधी कार्ट्रिज बघ

भावा, १९८९ चा जुना गेमबॉय (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) असेल तर लगेच उघडू नकोस. चालू केल्यावर वरून खाली येणारा 'निन्टेन्डो' लोगो नीट बघ. त्याच्या जागी नुसता काळा पट्टा उतरून थांबला, तर पडदा ठणठणीत आहे. लोगोची आकृती कार्ट्रिजमधून, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीतून, वाचली जाते. ती जुळली नाही की यंत्र पुढे जातच नाही.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात कार्ट्रिजच्या पिनांवर मळकट थर चढतो. कानकाडीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून प्रत्येक पिन वरून खाली पूस. काडी काळी होते तोवर बदलत राहा. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात.

लोगो बरोबर पण उभ्या रेघा गायब? मग पडद्याच्या खालच्या रिबनचा, म्हणजे चपट्या वायरपट्टीचा, जोड सुटलाय. तीन पाकळ्यांच्या स्क्रूड्रायव्हरने उघडायचं, यंत्र चालू ठेवून कमी तापलेलं सोल्डरिंग आयर्न रिबनवरून हळू सरकवायचं. रेघा परततात तिथे लगेच उचल, रेंगाळलास तर रिबन जळते. हे करण्याआधी दुसऱ्या एखाद्या निकामी पडद्यावर हात बसव.

पडदा पूर्ण फिका असेल तर डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरव आणि चारही सेल नवे टाक.