द डेव्ह क्लार्क फाइव्ह या साठच्या दशकातील ब्रिटिश बँडची गाणी इतकी वर्षे बाजारात का मिळत नव्हती?

याचे मुख्य कारण मालकीहक्कांत आहे. उत्तर लंडनमधील टॉटनहॅमच्या या बँडचा ड्रमवादक डेव्ह क्लार्क स्वतःच व्यवस्थापक आणि निर्माताही होता. ध्वनिमुद्रणाचा खर्च त्याने स्वतः केला आणि ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीला मूळ टेप विकण्याऐवजी केवळ ठरावीक मुदतीसाठी वापरण्यास दिल्या. त्या काळी बहुतेक कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांवर कंपनीचीच मालकी असे, हे लक्षात घेतले तर त्या तरुणाची दूरदृष्टी थक्क करणारी वाटते.

परंतु याच व्यवस्थेमुळे, १९७० मध्ये बँड विसर्जित झाल्यावर ही गाणी पुन्हा केव्हा आणि कोणत्या स्वरूपात बाजारात आणायची, हा निर्णय सर्वस्वी क्लार्कच्या हाती राहिला. १९७८ मधील एका संकलनानंतर थेट १९९३ मध्ये सीडी संच निघाला. म्हणजे जुन्या तबकड्यांची जागा सीडीने घेतली आणि असंख्य नवे श्रोते साठच्या दशकातील संगीताकडे वळले, नेमका तोच काळ या बँडच्या हातून निसटला.

जानेवारी १९६४ मध्ये ‘ग्लॅड ऑल ओव्हर’ या गाण्याने बीटल्सना ब्रिटनमधील पहिल्या क्रमांकावरून खाली आणले होते आणि अमेरिकेतील एड सलिव्हन यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात हा बँड वारंवार झळकला होता, तरीही पुढच्या पिढ्यांना त्याचे नावही ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. आता निवडक गाण्यांची संकलने उपलब्ध आहेत. गायक माइक स्मिथ यांचा खणखणीत आवाज त्यांत अवश्य ऐकावा.