एम-वन राहिला म्हणून शाखा सोडायची का?

प्रश्न: मी अंबाजोगाईची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी लातूरला. सीईटीला 96 पर्सेंटाइल होते. सध्या पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. एसजीपीए (सेमिस्टरची 10 पैकी सरासरी) 5.9 आला आणि एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित) राहिला: इन-सेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) 30 पैकी 9, एंड-सेमला (शेवटच्या परीक्षेला) 70 पैकी 22. बाकीचे विषय निघाले. फिजिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकलला बी प्लस, प्रोग्रॅमिंगला ए ग्रेड आहे. हजेरी 68 टक्के भरली, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं होतं. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. कॉम्प्युटर मला झेपणार नाही असं वाटतंय. पुन्हा सीईटी देऊ, की सोडून बीएस्सीला जाऊ? उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी शनिवारपर्यंत मुदत आहे. त्यात पैसे घालण्यात अर्थ आहे का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यालाच मुदत आहे. फोटोकॉपीचा अर्ज आजच भर. पास व्हायला कमी पडलेले नऊ गुण वाढतील अशी आशा मात्र धरू नकोस. एंड-सेमचे 48 गुण नेमके कुठे गेले हे दाखवणारा तो एकच कागद आहे, आणि तुझ्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

फोटोकॉपी हातात आली की प्रश्नपत्रिका शेजारी ठेव आणि गेलेल्या प्रत्येक गुणासमोर कारण लिही. कारणं साधारण तीनच निघतात: प्रश्न सोडवलाच नाही, पद्धत माहीत नव्हती, किंवा पद्धत येत होती पण पायऱ्या गाळल्या वा आकडेमोड चुकली. एखादा उपप्रश्न तपासायचा राहिला असेल किंवा बेरीज चुकली असेल, तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर.

तुझ्या बाबतीत तिसरं कारण जड निघेल असा माझा अंदाज आहे. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, त्यात चार पर्याय समोर आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन वर्षं तू त्याच वेगाची सवय लावून घेतलीस, आणि तेव्हा ती बरोबरच होती. इथे मात्र पेपर तपासणारा उत्तरापर्यंतची वाट तपासतो.

एक उदाहरण घे. 2 बाय 2 मॅट्रिक्स आहे, पहिली ओळ 4, 1 आणि दुसरी ओळ 2, 3. आयगेन व्हॅल्यू काढायच्या आहेत. सीईटीची सवय असलेली मुलगी कर्णावरच्या आकड्यांची बेरीज 7 आणि डिटर्मिनंट 10 एवढं बघते आणि लगेच 5 व 2 लिहून मोकळी होते. उत्तर बरोबर आहे, पण पाच-सहा गुणांच्या प्रश्नात त्याला जेमतेम एक-दोन गुण पडतात. तपासनीस शोधत असतो ते वेगळंच: कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन मांडलं का (लॅम्डा वर्ग वजा 7 लॅम्डा अधिक 10 बरोबर शून्य), त्याची मुळं काढून दाखवली का, आणि प्रत्येक मुळासाठी समीकरणं लिहून व्हेक्टर काढला का. लॅम्डा 5 ला एक्स आणि वाय समान येतात, म्हणून व्हेक्टर 1, 1. लॅम्डा 2 ला वाय हा एक्सच्या उणे दुप्पट येतो, म्हणून 1, उणे 2. परीक्षेत बहुधा 3 बाय 3 येतं. पायऱ्या त्याच, फक्त लांबतात. आयगेन व्हॅल्यू कॅल्क्युलेटरवर काढून थेट लिहिणाऱ्यांचे गुण इथेच जातात. कॅल्क्युलेटर ताळा करायला वापर.

दुसरं, मागचे पेपर काढून बघ. बहुतेक ठिकाणी एकाच युनिटवरचे दोन प्रश्न 'किंवा'ने जोडलेले असतात. म्हणजे एखादं युनिट ऑप्शनला टाकलं, म्हणजे अभ्यासालाच घेतलं नाही, तर त्या जोडीतले दोन्ही प्रश्न हातचे जातात. तुमच्या एंड-सेमला तीन ते सहा ही चार युनिटं आहेत, त्यामुळे एक सोडलं तरी 70 पैकी सुमारे 17 गुण पेपर हाती येण्याआधीच गेले. 'पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) करू' म्हणून मागे ठेवलेलं युनिट बहुतेक वेळा असंच सुटतं, कारण पीएलमध्ये पाचही विषय एकदम अंगावर येतात.

फोटोकॉपी येईपर्यंत परीक्षा विभागात जाऊन तीन गोष्टी विचारून घे, आणि नियमावलीतलं कलमही बघून ये. एम-वनची परीक्षा पुन्हा कधी आहे? इन-सेमचे 9 गुण पुढे धरतात, की इन-सेमही पुन्हा द्यावी लागते? एंड-सेममध्ये स्वतंत्रपणे किमान किती गुण लागतात? 40 ला पास आणि 9 कायम असतील, तर तुला 70 पैकी 31 हवेत. तयारी मात्र 45 ची कर. काठावर थांबायचं नाही.

वेळेचा हिशेब असा. या सेमिस्टरचे पंधरा आठवडे धर. आठवड्याला दीड-दीड तासाच्या तीन बैठका फक्त एम-वनसाठी, एका युनिटला तीन आठवडे. क्रम तीन, पाच, सहा, चार असा ठेव. तिसरं युनिट, म्हणजे पार्शल डिफरन्सिएशन, आधी घ्यायला सांगते, कारण एम-टूमध्ये (दुसऱ्या सेमिस्टरच्या गणितात) एक्झॅक्ट डिफरन्शियल इक्वेशनची कसोटीच त्यावर उभी आहे. ते कच्चं राहिलं तर नवा विषयही अडकेल. पाच आणि सहा मॅट्रिक्सची आहेत, पायऱ्या ठरलेल्या असतात, तिथे गुण लवकर हाती लागतात. चौथं तिसऱ्याच्या जोरावर होतं. उरलेल्या तीन आठवड्यांत जुने पेपर घड्याळ लावून लिहायचे, पूर्ण वेळ, एका बैठकीत. लोकल ऑथरच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं नुसती वाचून जमल्यासारखं वाटतं, पण तो अभ्यास नव्हे. पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर उतरलं, तरच ते झालं असं मान. फेरपरीक्षा लगेच असेल तर हेच दोन-तीन आठवड्यांत बसवावं लागेल. तेव्हा पाच, सहा आणि तीन आधी उरक.

मराठी माध्यमाची अडचण तू ओझरती लिहिली आहेस, पण ती खरी आहे. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाच्या विषयांची पुस्तकं मराठीतही मोफत मिळतात. संकल्पना मराठीत समजून घे, पण उत्तर पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच लिही. गणिताच्या उत्तराला लागणारी इंग्रजी वाक्यं फार तर वीस-पंचवीस असतील, ती एका पानावर काढून ठेव.

हजेरीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. 75 टक्क्यांची अट असेल तिथे सात टक्के कमी म्हणजे डिटेन होण्याची (परीक्षेला बसू न देण्याची) टांगती तलवार. पहिल्या चार आठवड्यांत हजेरी पूर्ण ठेवलीस तर पुढे आजारपण किंवा गावी जाणं यांना जागा राहते. सबमिशनच्या आठवड्यात रात्र-रात्र जागून जर्नल लिहिणं हे याचंच दुसरं टोक आहे. प्रॅक्टिकल झालं की त्याच आठवड्यात लिहून सही घे. तुझ्या जीएफएम (तुमच्या गटाचे पालक-शिक्षक) मॅडमना किंवा सरांना महिन्यातून एकदा स्वतःहून भेट. यादीत नाव लागल्यावर जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता शाखेचं. तुझ्याच आकड्यांनी मोजू. सेमिस्टरला 20 क्रेडिट (विषयांचं वजन) धर, त्यातले चार एम-वनचे. त्या चारांवर शून्य पडलं म्हणून 5.9 दिसतंय. उरलेल्या 16 क्रेडिटवर तुझी सरासरी जवळजवळ 7.4 आहे. पुढच्या सात सेमिस्टरला प्रत्येकी 20 क्रेडिट आणि 8 एसजीपीए धरला, आणि एम-वन बी ग्रेडने, म्हणजे 6 पॉइंटने काढलास, तर पदवीचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) 7.89 येतो. प्लेसमेंटच्या वेळी बहुतेक कंपन्या चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नसण्याची अट घालतात. वेळेत निघालेला एक विषय सहसा आड येत नाही. तो लांबवणं मात्र महागात पडतं. अनेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही आणि मुलं वायडी (इयर डाउन) होतात, म्हणजे त्यांचं वर्ष जातं.

प्रोग्रॅमिंगला ए आहे. जो विषय तुझ्या शाखेचा गाभा आहे, तोच तुला जमतोय. पुन्हा सीईटी देऊन दुसऱ्या कॉलेजात गेलीस तरी तिथेही एम-वन असणारच, फक्त एक वर्ष आणि एक वर्षाची फी गेलेली असेल. बीएस्सी कॉम्प्युटरलाही गणित सुटत नाही. पुढच्या दोन सेमिस्टरनंतर प्रोग्रॅमिंगचे विषयही नकोसे वाटले, तर शाखेचा विचार जरूर करू. आज तसं एकही कारण तुझ्या पत्रात मला दिसत नाही.

बाबांना या रविवारी फोन कर. निकाल त्यांना दुसरीकडून कळला तर राग निकालापेक्षा लपवल्याचा येईल. 'नापास झाले' एवढंच सांगून थांबू नकोस. कोणता विषय राहिला, कितीने राहिला, परीक्षा कधी आहे, फोटोकॉपीचा अर्ज भरलाय, रोज कधी बसणार आहेस, हे सलग सांग. परीक्षेचं शुल्क किती लागेल तेही सांग, म्हणजे त्यांना अचानक जुळवाजुळव करावी लागणार नाही. ते चिडले तर त्यांना बोलू दे. आई शेजारी असताना फोन केलास तर जास्त बरं. फोटोकॉपी आली की गुणांचा आणि कारणांचा तो कागद मला पाठव. कोणत्या युनिटला किती आठवडे द्यायचे ते त्यावरून पक्कं करू.