वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅमचे मराठीकरण

प्रश्न : पतसंस्थेच्या हिशोबाचा प्रोग्रॅम मराठीत आणण्यासाठी त्याची पीओ फाइल (मूळ वाक्ये आणि त्यांचे अनुवाद असलेली) पोएडिट या अनुवादाच्या साधनात पूर्ण केली. नवी आवृत्ती आल्यावर नव्या पीओटी फाइलवरून (फक्त मूळ वाक्यांच्या साच्यावरून) ती अद्ययावतही केली. पण आता पडद्यावर मधूनच इंग्रजी वाक्ये दिसतात. (एक वाचक, मिरज)

उत्तर : बाकीची वाक्ये मराठीत दिसतात, म्हणजे प्रोग्रॅमला एमओ फाइल (पीओवरून तयार होणारी, प्रोग्रॅम प्रत्यक्ष वाचतो ती) सापडते आहे. अडचण बहुधा ‘फझी’ खुणेची असावी. आवृत्ती बदलली की ज्या वाक्यांचा इंग्रजी मजकूर थोडाफार बदलला आहे, त्यांच्यासाठी जुन्या अनुवादातून अंदाजाने मजकूर उचलला जातो आणि त्यावर ही खूण बसते. एमओ तयार होताना अशा नोंदी वगळल्या जातात, म्हणून तिथे मूळ इंग्रजी उरते. पोएडिटमध्ये त्या नारिंगी रंगात दिसतात. प्रत्येक नोंद वाचा, दुरुस्त करा आणि कंट्रोल-यू दाबून खूण काढा.

सगळ्या खुणा एका झटक्यात उडवू नका. हा अंदाज अर्थावरून नव्हे, अक्षरांच्या सारखेपणावरून केलेला असतो. ‘खाते बंद झाले’ या जागी ‘खाते उघडले’ येऊन बसू शकते, आणि पतसंस्थेत हे भलतेच महागात पडेल.

एखादे वाक्य पीओ फाइलमध्येच सापडत नसेल, तर ते प्रोग्रॅमरने अनुवादासाठी चिन्हांकित केलेले नाही. ते काम त्याच्याकडेच द्यावे लागेल.

प्रश्न : दूध संकलनाच्या अ‍ॅपमध्ये केंद्राचे नाव ‘टक्का-एस’ या खुणेच्या जागी आपोआप भरले जाते. ‘सांगलीत नोंद झाली’ बरोबर येते, पण आमच्याकडे ‘सातारात नोंद झाली’ असे उमटते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘सांगली’, ‘वाई’ ही नावे ‘त’ लागताना बदलत नाहीत, म्हणून चाचणीत चूक लपली. ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’, ‘विटा’चे ‘विट्यात’, ‘मिरज’चे ‘मिरजेत’ होते, आणि हे सामान्यरूप कोणतेही अनुवाद-साधन खुणेच्या जागी करून देत नाही. तेव्हा प्रत्यय नावाला लावू नका, सामान्य नामाला लावा : ‘सातारा केंद्रात नोंद झाली’.

लिंगाचेही तेच. पावती खोडली, हिशोब खोडला, बिल खोडले. एकच क्रियापद तिन्हींना पुरत नाही. ‘“बिल” ही नोंद खोडली’ असे लिहिले की क्रियापद ‘नोंद’शी जुळते आणि आत काहीही आले तरी वाक्य मोडत नाही. वाक्यात दोन खुणा असतील तर मराठीत त्यांचा क्रम बहुधा उलटतो. अशा वेळी खुणेत १ आणि २ असे क्रमांक घाला, नाहीतर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होईल.

संख्येसाठी मराठीला दोनच रूपे लागतात : १ खाते, बाकी सगळी खाती. शून्यालाही ‘० खाती’च.

आणखी एक खोच ‘साताऱ्यात’मधल्या ऱ्याची. इनस्क्रिप्ट या कळफलकात शिफ्ट-जे दाबून येणारा ऱ वापरा. त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. काही जुन्या मजकुरांत हाच आकार साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून काढलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. शोध लागत नाही आणि अनुवाद-स्मृतीत (जुन्या अनुवादांच्या साठ्यात) नोंदी जुळत नाहीत.

प्रश्न : बटणावरची वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. (एक वाचक, कराड)

उत्तर : बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की बांधलेली असणार. ती मजकुरानुसार वाढणारी ठेवायला सांगा. ‘र्कीं’सारखे जोडाक्षर टाकून पाहिले की पुरते का ते लगेच कळते.