पहिला फिल्म रेंजफाइंडर: यशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट की झॉर्की ४?

रेंजफाइंडर म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा कॅमेरा. यातला महागडा लायका बजेटबाहेर आहे आणि या तिघांतूनच निवडायचं आहे, तर कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ घ्या. लेन्सचा मुद्दा इथे गौण आहे. यशिका इलेक्ट्रो ३५च्या जीएसएन मॉडेलची ४५ मिमी एफ १.७ चांगलीच आहे, पण तिचं शटर इलेक्ट्रॉनिक. बॅटरी संपली की ते फक्त १/५०० वर उडतं, आणि शटर स्पीड हाताने लावायची सोयच नाही. कॅनोनेटचं शटर यांत्रिक आहे. बॅटरी नसली तरी १/४ ते १/५०० सगळे स्पीड चालतात, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद राहतो.

विकणारा "शटर अडकलंय" म्हणून कॅनोनेट स्वस्तात देत असेल, तर आधी अ‍ॅपर्चरची रिंग 'ए'वरून (ऑटो) काढून आकड्यावर आणा. 'ए'वर बॅटरी नसेल किंवा उजेड मर्यादेबाहेर असेल तर हा कॅमेरा मुद्दामच शटर दाबू देत नाही. आकड्यावरही उडालं नाही, तर मात्र शटरच्या पात्यांवर तेल चढलंय असं धरा.

कॅनोनेटची मूळ बॅटरी १.३५ व्होल्टची पाऱ्याची होती, ती आता बनत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बसते, पण मीटरला उजेड जास्त भासतो आणि फोटो अंडर (काळपट) येतात. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर (१.४ व्होल्ट) भोवती रबरी रिंग घालून बसवा. स्टिकर काढल्यावर ती काही आठवड्यांतच उतरते, पण स्वस्त असते.

यशिकाच हवा असेल तर लिव्हर शेवटपर्यंत ओढताना 'खट्' असा आवाज येतो का, ते ऐका. आला नाही तर आतली रबरी गादी विरघळलेली असते आणि एक्स्पोजर बेभरवशाचं होतं. दुरुस्तीला वरचं झाकण उघडावं लागतं.

झॉर्की पहिला कॅमेरा म्हणून नकोच. ज्युपिटर-८ लेन्स सुंदर आहे, पण शटर चढवण्याआधी स्पीडची चकती फिरवली की यंत्रणा बिघडू शकते. शिवाय शटरचा पडदा कापडी, म्हणजे उघडी लेन्स उन्हाकडे राहिली तर भोक पडतं.

कोणताही घ्या, फिल्म न घालता मागचं दार उघडा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, शटर 'बी'वर (बटण दाबलं असेपर्यंत उघडं राहतं) धरा आणि मागून टॉर्च तिरका मारा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट कपाटातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. लेन्सच्या काचेत कोरली गेली असेल तर सोडून द्या.

मग लेन्स इन्फिनिटीवर लावून व्ह्यूफाइंडरमधून लांबच्या टॉवरकडे बघा. दोन प्रतिमा आडव्या आणि उभ्या, दोन्ही बाजूंनी जुळायला हव्यात. दोन प्रतिमा जिथे जुळतात तो मधला चौकोन फिका असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा छोटा तुकडा लावा, फरक लगेच दिसतो. शेवटी फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून धरा, शटर पुन्हा 'बी'वर उघडं ठेवा, लेन्स ०.८ मीटरवर (झॉर्कीची १ मीटरवर) लावा आणि फिल्मच्या जागेपासून टेपने मोजून तेवढ्याच अंतरावर पेटता दिवा ठेवा. कागदावर दिवा धूसर दिसला, तर रेंजफाइंडर जुळलेला असूनही लेन्स चुकीची बसवलेली आहे. असा कॅमेरा परत करा.