वाचकांचे प्रश्न : ठसेकाम आणि घानाचे आदिंक्रा

प्रश्न : मी ग्रामीण शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी ‘जगाची सफर’ या उपक्रमात सहा आठवड्यांत सहा देश घेतले. कागदी थाळ्यांचे ‘आफ्रिकन मुखवटे’ मुलांनी हौसेने रंगवले. परंतु असे मुखवटे नेमके कोण घालतात, असे एका मुलीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. यंदा हा उपक्रम कमी खर्चात आणि अधिक नीट कसा घ्यावा?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : त्या मुलीने योग्य जागी बोट ठेवले आहे. आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड असून ‘आफ्रिकन मुखवटा’ नावाची एकच वस्तू तेथे कोठेही नाही. म्हणून यंदा एकच समाज, त्याची एकच वस्तू आणि ती घडवण्याची रीत एवढेच घ्यावे. मी घानातील असांते लोकांचे आदिंक्रा कापड निवडीन, कारण ते ठसेकाम आहे, आणि भेंडीचे व बटाट्याचे ठसे आपल्या मुलांच्या चांगलेच परिचयाचे असतात.

कुमासी शहराजवळच्या एन्तोन्सो गावात हे कापड आजही हाताने छापले जाते. शाईत बुडवलेल्या लाकडी फणीने कापडावर आधी रेघा ओढून चौकटी आखतात आणि मग वाळलेल्या भोपळ्याच्या कवचावर कोरलेले ठसे त्यांत उमटवतात. शाईसाठी बादिए झाडाची साल कुटून, उकळून आटवतात. जुन्या पद्धतीत तिच्यात लोखंडाची मळीही घालत, कारण सालीतील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने रंग काळा होतो. हीच क्रिया आपल्याला वर्गात दाखवता येईल : गंजके खिळे चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी हिरड्याच्या काढ्यात ओतले, की काढा काळा पडतो. थोडी खळ घालून तो दाट करावा. (गणवेशावर पडलेला डाग निघत नाही, हे पालकांना आधीच कळवलेले बरे.) ठशासाठी बटाटा पुरतो, मात्र सुरी आपल्याच हातात असावी, फणीऐवजी जुना कंगवा चालेल.

प्रत्येक चिन्हामागे काही सांगणे असते. ‘सांकोफा’मध्ये मान मागे वळवलेला पक्षी दिसतो, मागे राहिलेले परत जाऊन घेऊन यावे, असा त्याचा अर्थ. ‘द्वेन्निम्मेन’ ही मेंढ्याची शिंगे असून ती बळाबरोबरच नम्रतेची खूण मानली जाते. हे कापड परंपरेने अंत्यविधीला पांघरतात, आता ते आनंदाच्या प्रसंगीही वापरले जाते, आणि ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. पाचवीच्या मुलाला दुःखाचे वस्त्र समजते. १८१७ मध्ये कुमासीला गेलेल्या बाउडिच या इंग्रजाने मिळवलेले असे एक कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हेही सांगावे, म्हणजे ही कला किमान दोनशे वर्षे जुनी आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.

अर्थ गाळला तर काय उरते, हे आपण वारली चित्रांच्या बाबतीत पाहतोच. लग्नघरी सुवासिनींनी काढायचा चौक बाजूला राहतो आणि त्रिकोणी माणसे चहाच्या कपावर नाचत राहतात.

असांते चिन्हे छापून झाल्यावर मुलांना आपल्या म्हणींची चिन्हे करायला सांगावे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे एका ठशात कसे मावेल, यावर वर्गात चांगलीच खडाजंगी होईल. मात्र हे ठसे आदिंक्रा म्हणून मांडू नयेत. त्यांचा तक्ता वेगळा लावावा आणि प्रत्येक ठशाखाली मुलानेच त्याचा अर्थ लिहावा. या सगळ्याला किमान चार तासिका लागतील, आणि पहिल्या तासिकेला नकाशा, कापडाचे छायाचित्र व मुलांचे प्रश्न यांपलीकडे काहीही घेऊ नये.